खांबेट्यांचा गुरुवारचा फोन

आमच्या इमारतीत फोन एकच होता, आणि तो खांबेट्यांकडे होता. त्यामुळे सगळ्या बिऱ्हाडांच्या बारशाच्या, बाराव्याच्या, मुलगी पसंत असल्याच्या आणि नसल्याच्या बातम्या आधी खांबेट्यांना कळायच्या, मग मला, आणि मग ज्या त्या घराला. मी मध्ये कसा, असं विचारू नका. आमची भिंत एक आहे, आणि शनिवार पेठेतल्या भिंती बांधणाऱ्यांनी माझ्यासारख्यांची सोय पाहूनच बांधल्या आहेत.

यज्ञेश्वर खांबेटे टेलिफोन एक्स्चेंजात मेकॅनिक होते. बांगलादेशच्या लढाईच्या सुमारास आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हणालो, "टेलिफोनवाल्याचं आडनाव खांबेटे, म्हणजे खांबावर चढायला वेगळा माणूस नको." बिघडलेल्या यंत्राकडे पाहावं तसे ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मी आत असतो. खांब बाहेर असतात." संपलं. माणूस असा. समोर बसूनसुद्धा ट्रंक कॉलवर असल्यासारखं बोलायचे.

त्यांच्या बायकोचं नाव मंदाकिनी, आम्हा सगळ्यांच्या मंदावहिनी. मुलगी एकच, आनंदी. आमच्या मजल्यावर माझ्या विनोदांना हसणारं ते एकमेव माणूस होतं, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

एकदा मी मागेच लागलो म्हणून खांबेट्यांनी मला त्यांचं एक्स्चेंज दाखवलं. बुधवार पेठेत माझं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तेव्हा तारा, पत्रे, स्क्रू यांच्यात माझा जीव रमतो. दाराशी त्यांनी मला चपला काढायला लावल्या.

"देऊळ आहे का?"

"धूळ चालत नाही."

आत लोखंडी मांडण्यांच्या रांगाच रांगा, छताला टेकलेल्या. आणि आवाज! मोठ्या पंगतीत सगळ्यांनी एकदम पाट सरकवावेत, आणि ते सरकवणं कधी थांबूच नये, तसा खडखडाट. त्यांनी एका रांगेपाशी नेऊन मला दाखवलं. तुम्ही घरी डायल फिरवून एखादा आकडा लावलात की इथं एक दांडा टणटण करत तितका वर चढतो, मग आडवा आत सरकतो आणि पुढच्या दांड्याला कामाला लावतो. असं करत करत शेवटचा दांडा ज्याला फोन करायचाय त्याच्या घराच्या जागेवर जाऊन उभा राहतो. बोलणं चालू आहे तोवर तो तिथं उभा. फोन करणाऱ्यानं रिसीव्हर ठेवला की सगळे दांडे एकामागून एक खाली.

"आणि ज्याला फोन आलाय त्यानं आधी ठेवला तर?" मी विचारलं.

"तर काही होत नाही."

"म्हणजे?"

"ज्यानं केला त्याच्या हातात असतं. तो ठेवीपर्यंत दांडा उतरत नाही. समोरच्यानं ठेवून पुन्हा उचलला, तर तोच माणूस तिथंच असतो."

"म्हणजे सासूचा फोन आला तर सुटका नाही!"

"नाही," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

अशा वेळी रांगेच्या टोकाला एक दिवा लागायचा. घेणाऱ्यानं ठेवलाय, पण करणारा अजून धरून बसलाय, असा त्याचा अर्थ. दिवा लागला की मेकॅनिकनं जायचं आणि तो दांडा हातानं खाली पाडायचा, नाहीतर ते घर बाकीच्या जगाला बंद. मी हे विसरूनही गेलो होतो. पण खांबेट्यांच्या घरात पुढं जे झालं, ते सगळं या एवढ्याशा गोष्टीवर झालं.

आनंदीनं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घरी सांगितलं की तिला लग्न करायचंय. मुलगा कारखान्यात आहे. आपल्यातला नाही. मी भिंतीच्या अलीकडे रेडिओ बंद केला. एवढा मी सभ्य आहे.

"बाबा, त्याचं नाव तरी ऐकून घ्या," ती म्हणत होती.

"घ्यायचं नाही. नाव, आडनाव, गाव, मला काही ऐकायचं नाही. मंदा, तूही विचारायचं नाहीस. आणि जाणार असशील तर जा. पण यापुढं तुझा आवाज या घरात ऐकू येता कामा नये."

खांबेटे एका दमात एवढं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी आनंदी जिन्यात भेटली. हातात पिशवी. मला सगळं माहीत होतं, पण जीभ कुठं गप्प बसते? "काय गं, ट्रिपला?" मी म्हणालो. "हो काका, लांबच्या," ती म्हणाली, आणि सवयीनं हसली. ते हसू मला आजपर्यंत पचलेलं नाही.

नंतर पुष्कळ दिवस त्या घरातून भांड्यांखेरीज कसला आवाज आला नाही. मग एका गुरुवारी दुपारी, दुकान बंद करून, जेवून मी आडवा झालो होतो. तुम्ही पुण्यातल्या दुकानदारांच्या दुपारच्या झोपेवर खुशाल हसा. ती झोप नसती तर ही हकिगत मला कळली नसती. पलीकडून मंदावहिनींचा आवाज येत होता, एका सुरात, मध्येच थांबत. गुरुवार होता, मला वाटलं पोथी वाचतायत. डोळा लागणार, एवढ्यात पोथीत आलं, "मेथीला मीठ आधी घालू नकोस, पाणी सुटतं."

पोथीत मेथी कुठून आली? मी उठून बसलो.

पुढच्या गुरुवारीही तेच. फोन वाजायचा, मंदावहिनी उचलायच्या, आणि एकट्याच बोलत राहायच्या. इमारतीत कोण आजारी, कुणाची बदली झाली, श्यामभाऊजींनी, म्हणजे मी, काल काय आचरटपणा केला. प्रश्न विचारायच्या, थांबायच्या, आणि उत्तर मिळाल्यासारखं पुढं बोलायच्या. असं कितीतरी दिवस चाललं. आणि एका गुरुवारी त्यांनी संध्याकाळी सगळ्या बिऱ्हाडांना साखर वाटली. कारण सांगितलं संकष्टीचं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. संकष्टी त्या आठवड्यात नव्हतीच.

"वहिनी," मी हळूच विचारलं, "मुलगा की मुलगी?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग दार लोटून घेऊन त्यांनी सांगितलं. फोन आनंदीचाच. पण ती बोलत नाही. एक अक्षर नाही. "हे म्हणाले ना, आवाज ऐकू येता कामा नये. मग ती आवाज ऐकू येऊ देत नाही. नुसती असते."

"मग कशावरून आनंदी? कुणी टवाळखोर असेल."

"भाऊजी, तुम्हाला टवाळखोरांची माहिती जास्त. पण मी तिची आई आहे. तिचा श्वास मला कळत नाही होय? आणि आज मागं बाळ रडलं. तिनं मुद्दाम आणलं होतं, मला ऐकवायला."

"विचारा ना तिला, कुठं असतेस."

"सांगायचं तर बोलावं लागेल तिला. ती बोलणार नाही. ह्यांच्यावरच गेलीये. आणि ह्यांना यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुम्हाला."

त्यांची सगळी व्यवस्था ठरलेली होती. कुणी फोन करायला आलं, किंवा एखाद्या गुरुवारी पाळी लवकर सुटून जिन्यात खांबेट्यांची शिंक ऐकू आली, की मंदावहिनी रिसीव्हर ठेवून द्यायच्या. खांबेट्यांना तपकिरीची सवय, शिंक अशी की तळमजल्यावर शिंकले तर आमच्या खुंटीवरची टोपी हलावी. आलेलं माणूस गेलं, नवरा आत पाय धुवायला गेला, की पुन्हा उचलायच्या. आनंदी तिथंच. मेकॅनिकची मुलगी, तिला एक्स्चेंजची रीत ठाऊक होती, आईलाही ठाऊक होती. आणि आईनं तिला एक गोष्ट बजावून ठेवली होती: "मी ठेवला तर घाबरू नकोस, घरात कुणी आलंय असं समज आणि थांब. पण ज्या दिवशी मी परत उचलणार नाही, त्या दिवशी समज की ह्यांना कळलं. मग पुन्हा फोन करू नकोस. ते तुला काही वाईट बोलले तर मला सोसायचं नाही."

मी शपथ पाळली. माझ्या ओळखीतल्या कुणाचा यावर विश्वास बसत नाही.

आता खांबेट्यांची बाजू. ती मला सगळं होऊन गेल्यावर हिंदुरावांनी सांगितली. हिंदुराव त्यांचे जोडीदार, त्याच खोलीत कामाला, मूळचे लोणी काळभोरकडचे.

"खांबेटेसाहेब गुरुवारी जेवन टाकून त्या एका रांगेत जाऊन हुभे ऱ्हायाचे," हिंदुराव म्हणाले. "म्हनलं, दत्ताचा गुरुवार करत असत्याल. येक दिस दिवा लागला. मी हात घातला दांडा पाडाया. म्हनले, राहू दे. म्हनलं, साहेब, दिवा लागलाय. म्हनले, लागू दे. म्हनलं, कुनाचं घर हाय ह्ये? म्हनले, माझं."

आपल्या घराच्या जागेवर दर गुरुवारी एक दांडा येऊन उभा राहतो, हे खांबेट्यांना पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. दिवा लागला म्हणजे घरी मंदानं फोन ठेवलाय, कुणीतरी आलंय. दिवा विझला म्हणजे तिनं पुन्हा उचललाय. असं धरून थांबणारं माणूस आनंदीखेरीज कोण असणार? एवढंच त्यांना दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. कानाला लावायचा फोन त्यांच्या कमरेलाच लटकलेला असायचा, तो एका पिनेनं जोडला असता तर सगळं ऐकू आलं असतं. त्यांनी जोडला नाही. नियमानं दांडा पाडायचा, तोही पाडला नाही. नुसते उभे राहायचे. घरी आल्यावर "आज कुणाचा फोन?" असं विचारायचे नाहीत, आणि मंदावहिनी सांगायच्या नाहीत. दोघं आमटीविषयी बोलायचे.

जुन्या एक्स्चेंजात फोन चालू असेपर्यंत तो कुठून आलाय हे हातानं शोधता यायचं. या दांड्यामागचा दांडा, त्यामागचा दांडा, असं तारेच्या मागं मागं जायचं. खांबेटे एका गुरुवारी तसे गेले. निघालं असं की फोन दुसऱ्या एक्स्चेंजातून येतोय, विश्रांतवाडीच्या बाजूनं. तिथल्या मेकॅनिकला विचारलं असतं तर त्यानं पुढचं शोधून घर सांगितलं असतं.

"म्या म्हनलं, लावू का तिकडं फोन? घडीभरात सांगत्याल," हिंदुराव म्हणाले. "तर म्हनले, नको. का वो? तर म्हनले, कळलं तर जावं लागंल."

असं वर्षानुवर्षं चाललं असतं. एका घरातली तीन माणसं, एक नुसतं बोलणारं, एक नुसतं ऐकणारं आणि एक नुसतं पाहणारं, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपलं कुणाला कळलेलं नाही. पण सरकारला आमची काळजी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास ठरलं की जुनी खडखडणारी एक्स्चेंजं काढायची आणि इलेक्ट्रॉनिक बसवायची. सगळ्यांना नव्या नंबरांची कार्डं आली. मी दुकानाच्या पाटीवर नवा नंबर घालायला रंगाऱ्याला बोलावलं. मंदावहिनींनी गुरुवारी नवा नंबर सावकाश दोनदा वाचून दाखवला, तो मीही भिंतीतून ऐकला. "लिहून घेतलास ना?" त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "शहाणी माझी."

बदल रविवारी सकाळी झाला. इशारा झाला आणि खडखडाट थांबला. हिंदुराव सांगतात, एवढी वर्षं कानात बसलेला आवाज गेला तेव्हा काही जणांना चक्करच आली. खांबेटे बाहेर गेले, चपला घातल्या, आणि चपला घालूनच पुन्हा आत येऊन रांगांमधून एक चक्कर मारली. आता धुळीचं काही नव्हतं.

नवं एक्स्चेंज वरच्या मजल्यावर. गार हवा, बंद दारांची कपाटं, हलत काही नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. गुरुवारी जेवणाच्या वेळी खांबेटे सवयीनं उठले आणि त्यांच्या लक्षात आलं की जाऊन उभं राहायला जागाच नाही. हिंदुराव म्हणतात, ते एका कपाटासमोर उभे राहिले आणि एकदम त्यांचा चेहरा उतरला. नव्या यंत्राची रीत शिकवणीत सगळ्यांना सांगितली होती, त्यांनाही सांगितली होती: आता कुणीही ठेवला तरी यंत्र थोडं थांबतं आणि लाइन सोडून देतं. धरून ठेवणं आता फोन करणाऱ्याच्या हातात नाही. आणि मंदाला हे कुणी सांगितलेलं नाही. सांगायचं तर त्यांनीच सांगायचं होतं, आणि सांगायचं तर आपल्याला माहीत आहे हे कबूल करायचं होतं. चार दिवस ते आमटीविषयी बोलले होते.

त्यांनी तिथूनच घरचा नंबर लावला. एंगेज. म्हणजे ती फोनवर होती. डबा टेबलावर उघडा टाकून ते सायकलकडे धावले.

गुरुवार म्हणजे पुण्यात विजेच्या दुरुस्तीचा वार, म्हणून आमच्याकडे वीज नव्हती. पंखा बंद, झोप येईना, मी गॅलरीत सुपारी कातरत बसलो होतो. मंदावहिनींचा आवाज नेहमीसारखा चालू होता, बाळाच्या दातांविषयी काहीतरी. खाली सायकल पडल्याचा आवाज झाला. लावल्याचा नव्हे, पडल्याचा. आणि जिन्यात ती शिंक.

आतलं बोलणं तुटलं. रिसीव्हर ठेवल्याचा खट्ट आवाज मी ऐकला.

खांबेटे माझ्यासमोरून धापा टाकत आत गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो, न जाऊन कसं चालेल? मंदावहिनी पदरानं फोन पुसत होत्या.

"कोण होतं?" खांबेटे म्हणाले.

"कुठं कोण? पुसत होते. धूळ किती बसते."

"उचल."

"काय उचलू?"

"फोन उचल, मंदा! लगेच!"

"अहो, झालंय काय तुम्हाला? ऊन लागलं का? भाऊजी, यांना जरा बसवा."

"यज्ञेश्वरराव," मी म्हणालो, "एक्स्चेंज तिकडं नवं केलं आणि तपासणी बायकोची?" माझी जीभ ही अशी. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

"आनंदी आहे तिथं," ते म्हणाले.

ते नाव त्या घरात कितीतरी दिवसांनी मोठ्यानं उच्चारलं गेलं होतं. मंदावहिनींनी फोन उचलला नाही. उलट दोन्ही हात रिसीव्हरवर दाबून धरले, अंगावर येणाऱ्या माणसापासून पोर झाकावं तसे.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हणालो.

"कुणी नाही. मला पहिल्यापासून माहीत आहे. उचल आधी."

"तुम्ही तिला बोलणार."

"नाही बोलणार."

"मला माहीत आहेत तुम्ही. त्या दिवशीसारखं काहीतरी बोलाल आणि ती पुन्हा कधी..."

"अगं नाही बोलणार! हात काढ!"

"तिच्या बाळाची शपथ घ्या. घ्या आधी."

बाळाचं खांबेट्यांना ठाऊक नव्हतं. दांड्यावरून बाळ कुठं कळतं? ते मटकन खुर्चीवर बसले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "घेतली. शपथ घेतली. दे."

मंदावहिनींनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखा झाला. नुसता डायल टोन. त्यांनी ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"असेल. ती थांबते हो. दर वेळी थांबते. मी ठेवला तरी थांबते."

खांबेट्यांनी रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला आणि ऐकला. जन्म त्यात गेलेला माणूस, त्यांना ऐकायचीही गरज नव्हती.

"आता नाही थांबता येत," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईनंच घालून दिलेली खूण होती ती, ज्या दिवशी परत उचलणार नाही त्या दिवशी समज. बापाचा हुकूम शब्दशः पाळणारी मुलगी आईचं सांगणं का मोडेल? इमारतीत कुणी न सांगता ठरून गेलं की गुरुवारी दुपारी खांबेट्यांच्या फोनला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावला नाही, आणि फुकटचा फोन सोडणं माझ्या रक्तात नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींकडे विचारून झालं. एकीला माहीत होतं, पण तिनंही आनंदीला वचन दिलेलं. ती लग्न होऊन परदेशी गेली. जुन्या एक्स्चेंजातली लाइन मागं मागं शोधत जावी, तर ते दांडे भंगारात गेले. त्यातले काही माझ्या बुधवारातल्या शेजाऱ्यानं विकत घेतले, तांब्यासाठी. खांबेटे एकदा दुकानी आले असता मी ते त्यांच्यापासून लपवले.

निवृत्त झाल्यावर एका गुरुवारी ते माझ्या दारात आले. "विश्रांतवाडीला येता का? तुम्हाला लोकांशी बोलता येतं." एवढी मोठी पावती मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. आळंदी रस्त्यानं बसनं गेलो. ज्या ज्या दुकानात फोन दिसला तिथं विचारलं. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसलेल्या सरुबाई नावाच्या म्हातारीनं आम्हाला बराच वेळ फिरताना पाहिलं आणि हाक मारली.

"कोन पायजे तुमास्नी?"

"आनंदी नावाची मुलगी," मी म्हणालो. "मुलगी म्हणजे आता बाई. शनिवार पेठेतली. लहान मूल असेल, नवरा कारखान्यात. गुरुवारी तिला सवड असायची, म्हणजे नवऱ्याची सुट्टी असणार."

"आरं बाबा, गुरुवारी समद्याच कारखान्यान्ला सुट्टी. जावयाचं नाव काय?"

खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आडनाव?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गाव तरी?" सरुबाईनं त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "लेक दिली आन् कुनाला दिली त्ये ठाव न्हाई? कसलं बाप म्हनायचं तुमी!"

ती थट्टेनं म्हणाली होती. मी खांबेट्यांचा हात धरून त्यांना पुढच्या दुकानाकडे नेलं.

उशीर होणार म्हणून घरी कळवायला ते एका दुकानातल्या फोनपाशी गेले. मी शेजारीच उभा. नंबर लावला, आणि बोलेचनात. मला वाटलं लागला नाही. मग रिसीव्हरमधून तो बारीक आवाज मला ऐकू आला. "आनंदी?... आनंदी, तूच ना?" खांबेट्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "कुठं होतीस गं? मी ठेवला नव्हता. म्हणजे ठेवला, पण तसा नाही. ते यंत्र बदललंय. तुझे बाबा तुलाच शोधायला गेलेत. अगं, बाळ चालतं का आता?"

खांबेटे उभे. पलीकडे मंदावहिनी बोलतायत, बोलतायत. शेवटी ऐकू आलं, "आता तूच ठेव आधी. मी नाही ठेवत." आणि एक शिंक दाबून खांबेट्यांनी अगदी हळू रिसीव्हर ठेवला.

बसमध्ये मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"मी बोलतोय, असं म्हणणारच होतो. तिनं आधी नाव घेतलं." येरवड्याला म्हणाले, "घरी सांगू नका."

त्या संध्याकाळी मंदावहिनींनी मला शिरा आणून दिला.

तेव्हापासून खांबेटे दर गुरुवारी एकटेच विश्रांतवाडीला जातात. आधी शोधतात, मग फोन करतात. अलीकडे, मी आडवा झालो की, भिंतीपलीकडे पुन्हा तो एकसुरी आवाज. पहिले काही दिवस मेथी आणि दात. मग हळूहळू बोलणं वळलं. "तुझे बाबा वाईट नाहीत गं. पण तुझं नाव त्यांना ऐकून घेता आलं नाही. आणि ते धावत आले तेव्हा मी शपथ घालत बसले. निम्मं माझं आहे." आणि मागच्या हिवाळ्यात एकदा, "मफलर घेऊन जात जा. त्या बाजूला वारा असतो."

मला राहवलं नाही. "वहिनी, आनंदीला मफलर?"

त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "भाऊजी, नवऱ्याची शिंक मला ओळखू येत नाही असं वाटतं का तुम्हाला? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग हे काय चाललंय?"

"समोर बसून सांगता येतं का हे सगळं त्यांना? समोर बसलं की आमटी."

मला यावर एक चांगला विनोद सुचला होता. तो सांगण्याऐवजी मी परवा गॅलरीत खांबेट्यांना गाठलं. त्यांच्या गळ्यात मफलर होता. मी म्हणालो, "यज्ञेश्वरराव, गुरुवारी दुपारी तुम्ही दोघं फोन अडवून बसता. समजा, त्याच वेळी खरंच तिनं केला तर?"

त्यांनी तपकिरीची डबी उघडली, आणि न ओढताच मिटली.

"एंगेज लागेल," ते म्हणाले.

"हे तुम्हाला सुचलं नव्हतं?"

"एक्स्चेंजातला माणूस आहे मी, श्यामराव. दुसरं काय सुचतं मला?" ते जिन्याकडे निघाले. गुरुवार होता. "म्हणून तर लवकर ठेवायला बघतो. पण ती म्हणते, थांब गं, अजून एक सांगायचं राहिलं."